घोडतळावरची फक्की

दादा, तुझी शोकसभा कुठे झाली ते आधी ऐक. घोडतळावर. म्हणजे फुटबॉलच्या ज्या मैदानाला आपण जन्मभर घोडतळ म्हणत आलो आणि आता पाटीवर ज्याला 'जी. टी. अरेना' म्हणतात, तिथे. एसी हॉलमध्ये, पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्यांवर, पायाखाली गुबगुबीत गालिचा. तुझा फोटो भिंतीएवढ्या पडद्यावर. फोटोत तू हसतोयस आणि तुझ्या मागे आपली दगडी गॅलरी दिसतेय. ज्यांनी ती गॅलरी पाडली, त्यांनीच तिचा फोटो लावून तुला श्रद्धांजली वाहिली. मी पहिल्या रांगेत बसून पदराचं टोक पिळत होते. रत्नावहिनीला वाटलं, मला रडू येतंय. तिनं पाण्याची बाटली पुढे केली. रडू कसलं डोंबलाचं! राग आला होता मला. अजून आहे.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. म्हणोत. तू होतास तेव्हा मी तुझ्याशी रोज भांडले, आता का सोडू? घरी पुण्यानुमोदन झालं तेव्हा मी शहाण्यासारखी वागले. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, मंडळी जेवून गेली, मी सगळ्यांना हात जोडले. तिथे लोक हळूच म्हणत होते की मिलिंदनं मैदानाची हाय खाल्ली. मी एकदोघांना तिथल्या तिथे गप्प केलं. तुला शुगर होती आणि तू वहिनीची नजर चुकवून वाटीवाटी आमरस खायचास, हे मला माहीत आहे. दुपारी जेवून आडवा झालास आणि उठला नाहीस. मैदानाला तुझ्या मरणाचं श्रेय मी देणार नाही. गॅलरी पाडणाऱ्यांनी बाकीचं पुष्कळ घेतलंय.

तुला आठवतं का, मी घोडतळावर पहिल्यांदा पाऊल टाकलं ते खेळायला नाही. खुंटी म्हणून. फायनलच्या आधी मैदान आखायचं होतं आणि उन्हानं जमीन अशी तापली होती की मधोमध खुंटी ठोकली जाईना. तू घरी येऊन मला उचलून घेऊन गेलास. मैदानाच्या मध्यावर उभी केलीस, सुतळीचं टोक हातात दिलंस आणि म्हणालास, "सुजे, हलायचं नाही. तू हललीस तर वर्तुळ बिघडेल." मग तू दुसरं टोक कमरेला बांधून, तळाला भोकं पाडलेला डबा हलवत, फक्कीची, चुन्याच्या भुकटीची, पांढरी रेघ सोडत माझ्याभोवती फिरलास. मी काडीइतकीही हलले नाही. तरी वर्तुळ वाकडं आलं, कारण तू फिरता फिरता गॅलरीतल्या पोरांशी गप्पा मारत होतास आणि सुतळी सैल पडत होती. आयुष्यभर तुझं एकही वर्तुळ गोल आलं नाही.

आणि तुझ्यावर आखायची वेळ दरवर्षी यायची, कारण घोडतळाचा रिवाजच होता. आदल्या वर्षी फायनल हरलेल्या टीमनं या वर्षीच्या फायनलचं मैदान आखायचं. आपला क्लब एका कारखान्याच्या टीमकडून फायनल हरायचा, जवळजवळ नेमानं. मग फक्कीची पोती उचला, रेघा मारा, आणि जिंकलेले लोक गॅलरीत बसून भुईमुगाच्या शेंगा खात सूचना देणार. "मिलिंदराव, कॉर्नरला जरा जास्त टाका! सवय झाली असेल एव्हाना!" मला तेव्हा फार लागायचं. मी तुला विचारलं होतं, की दादा, हा अपमान नाही का? तू हातातली पांढरी धूळ झटकलीस. म्हणालास, "अगं, हरलेला फक्की मारायला आला म्हणजे तो पळून गेलेला नाही. अपमान कसला त्यात?" मला तेव्हा पटलं नव्हतं. तू हरण्यालासुद्धा शोभा आणायचास, याचा राग यायचा.

मी पुढे खेळायला लागले ते तुझ्यामुळे. बाबा म्हणाले होते, मुलगी चड्डी घालून चारचौघांत पळणार? तू म्हणालास, पळणार, आणि तुमच्यापेक्षा जोरात. तुझे जुने बूट पुढे कापूस कोंबून मी घातले. पुण्यात मुलींचा संघ म्हणजे लोकांना तमाशा वाटायचा तेव्हा. घोडतळावर मुलींना कपडे बदलायला जागा नव्हती. गॅलरीखाली पुरुषांची खोली होती, तीही कसली, एक खिळ्यांची रांग आणि एक फुटका आरसा. म्हणून तू आणि क्लबचा आणखी कुणीतरी चादर धरून उभे राहायचात, पाठ करून. सायकल स्टँडच्या कोपऱ्यात, भिंत एका बाजूला आणि चादर तीन बाजूंना. आत आम्ही सातआठ जणी एकमेकींच्या पायांवर पाय देत खिदळत बदलायचो. ती चादर आईची होती, निळ्या फुलांची. माझ्या आठवणीत तो सगळा काळ आनंदाचा आहे. हे मी तुला नंतर ऐकवलंही, आणि तिथेच आपलं मोठं भांडण झालं.

तुझ्या घरी, रविवारच्या मटणावर. एका कंपनीकडून मैदानाच्या नूतनीकरणाचं तेव्हा नुकतंच घाटत होतं. माजी खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून त्यांनी तुला समितीवर घेतलं होतं आणि तू नवा शर्ट शिवून घेतला होतास. मी म्हटलं, "घोडतळाला हात लावायला निघालेत आणि तू त्यांच्या पंगतीला बसलायस?"

"सुजे, त्या दगडी गॅलरीवर तुझा फार जीव. तिच्याखालच्या संडासात गेलीस का कधी?"

"बायकांना संडास होताच कुठे तिथे?"

"मग मी काय वेगळं सांगतोय!" तू ताटावर हात आपटलास. वहिनी दारात येऊन उभी राहिली.

मी म्हटलं, आम्हाला चादर पुरत होती. आम्ही कुणाकडे काही मागितलं नव्हतं. तेव्हा तू खाली बघून जे म्हणालास ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. "तू चादरीच्या आत होतीस. मी बाहेर होतो. आत तुम्ही हसत होतात. बाहेर लोक काय काय बोलत होते ते मी कधी घरी सांगितलं नाही. आईच्या समोर ती चादर परत घडी करून ठेवायला मला लाज वाटायची. या मैदानावर मुलींना एक खोली मिळेल, दाराला आतून कडी असलेली, तर मला तो अख्खा दगड गेला तरी चालेल."

मी काय बोलले त्यावर? "वहिनी, रस्सा वाढ." एवढंच. दादा, त्या दिवशी तुझ्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं मला. पण आपल्या घरात कोण कुणाच्या गळ्यात पडतं? म्हणून मी रस्सा मागितला आणि दुसरा मुद्दा काढून भांडण चालू ठेवलं.

दुसरा मुद्दा रविवारचा होता. शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर क्लबच्या मुली मी घडवत होते आणि रविवारची सकाळ घोडतळावर त्यांची होती. मी विचारलं, काम झाल्यावर रविवार परत मिळणार का? तू छाती पुढे काढून म्हणालास, "मिळणार. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर शब्द दिलाय." मी म्हटलं, लिहून घे. तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं काही मी तुला चोरी करायला सांगितली. "घोडतळावर कधी काही लिहून घेतलंय का कुणी?"

खरं होतं ते. घोडतळावर सगळं तोंडी चालायचं. कुणाची मॅच कधी, कुणाची प्रॅक्टिस कुठल्या वारी, हरलेल्यानं फक्की मारायची, सगळं बोलण्यावर. कारखान्याच्या टीमनं एकदा फायनल हरल्यावर भर पावसात येऊन मैदान आखलं होतं, रेघ टाकली की वाहून जात होती, तरी टाकत होते. कुणी सही घेतली होती त्यांची? तिथे वाढलेला माणूस तू. सूट घातलेल्या माणसानं चारचौघांत मान डोलावली आणि तुला वाटलं, झालं. तुला हे कळलं नाही की ती माणसं घोडतळावर वाढलेली नव्हती. त्यांच्यातल्या एकालाही कधी हरल्यावर फक्की मारावी लागली नव्हती.

मग मैदानाभोवती पत्रे लागले, वर्षं गेली, पत्रे निघाले. काय ते रूप! दर्शनी कमान तेवढी ठेवली, 'हेरिटेज' म्हणून, तिच्यापुढे लोक सेल्फी काढतात. गॅलरीचे चार दगड काचेमागे मांडलेत. मागचं सरावाचं मैदान पार्किंगला गेलं. घोडतळ नाव त्यांना घोड्यामुळे गावठी वाटलं, म्हणून जी. टी. कॉफीच्या दुकानाचं नाव 'हाफ टाइम'. मॅच नाही आणि हाफ टाइम आहे! आत गवत परदेशी, खोटं, रेघा त्यात विणूनच आलेल्या. पण ते दिसतं कुणाला? त्याच्यावर प्लॅस्टिकच्या लाद्या अंथरल्यात, कारण आज गाण्याचा कार्यक्रम, उद्या फ्लॅट विकायचं प्रदर्शन, परवा कुणाचं तरी लग्न. मल्टिपर्पज म्हणजे अनेक उपयोग. त्या अनेकांत फुटबॉल बसत नाही.

मी मुलींना घेऊन पहिल्या रविवारी गेले, तर गेटवर पास मागितला. संघाची कर्णधार प्राजक्ता लोणी काळभोरहून पहाटे बस पकडून येते. ती म्हणाली, "म्याडम, आपलंच ग्राउंड हाय ना हे? मग पास कशाचा?" आतून एक मुलगा आला आणि अदबीनं सांगून गेला की बुटांच्या खिळ्यांनी टर्फ खराब होतं, तेव्हा खेळासाठी सध्या देता येत नाही. फुटबॉलच्या बुटांनी फुटबॉलचं मैदान खराब होतं! मी तुला तिथूनच फोन लावला आणि इतकी ओरडले की मुली चार पावलं मागे सरकल्या. तू काय म्हणालास? "थांब गं, नवीन आहेत, बस्तान बसू दे." प्रत्येक वेळी तेच. बस्तान बसू दे. अरे, त्यांचं बसलं की! आमचं उठलं!

तोवर त्या मुली कुठे खेळतात ते तू विचारायचास आणि मी सांगायची नाही. आता सांगते. खराडीला एका कंपनीच्या मागच्या पडीक प्लॉटवर, काचा वेचून. दोघींच्या घरच्यांनी त्यांचं येणं बंद केलं. मैदानच नाही तर पोरगी जाते कुठे, असं विचारतात ते.

एकदा तू मला ती खोली दाखवायला घेऊन गेलास, आठवतं? उद्घाटनाच्या दिवशी. मुलींची चेंजिंग रूम. एवढी एक गोष्ट तू समितीकडून भांडून काढली होतीस. तू दार आतून लावून दाखवलंस, कडी सरकवलीस, उघडलीस, परत सरकवलीस. भिंतभर आरसे, भोवती दिवे, गरम पाणी. तुझा चेहरा बघून मी त्या दिवशी एक शब्द वाकडा बोलले नाही. माझ्यासाठी केलंस तू ते, मला समजत होतं. आभार मानायचे राहिले, दादा. ते आता मानते, इथेच, आणि पुन्हा रागाकडे वळते.

कारण शोकसभेच्या आधी मी हात धुवायला म्हणून त्या बाजूला गेले. तुझ्या खोलीच्या दारावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, 'ब्रायडल सूट'. आत कुण्या मुलीच्या डोक्यात गजरा माळणं चालू होतं. संध्याकाळी लॉनवर लग्न होतं. नवरीमुलींवर माझा राग नाही, नटोत बापड्या. पण आरसे भिंतभर का लावले होते आणि दिवे का, ते मला तेव्हा उमगलं. ती खोली पहिल्या दिवसापासून नवरीसाठीच होती. तुला फक्त पाटी लागायच्या आधी दाखवली.

आणि मग वर हॉलमध्ये तो व्यवस्थापक, तिशीतला, 'मिलिंद सर, मिलिंद सर' करत बोलायला लागला. सर व्हिजनरी होते. सरांनी महिला खेळाडूंसाठी आग्रह धरला. त्या खोलीला आम्ही सरांचं नाव देतोय. टाळ्या! शोकसभेत टाळ्या. मग म्हणाला, सरांच्या भगिनी दोन शब्द बोलतील. वहिनीनं माझा पदर धरला होता. तिला माहीत होतं.

मी माईक हातात घेतला आणि म्हटलं, "नाव देऊ नका. रविवार द्या."

त्याला समजेना. मी समजावलं. रविवारची सकाळ मुलींची, असा शब्द माझ्या भावाला याच जागेवर दिला गेला होता. त्याला शब्द पुरला. तो गेला. तेवढा पाळा, बाकी काही नको.

तो हसला, वाईट नाही हसला, खरंच सांगते. म्हणाला, "मॅडम, वीकेंड आमचे पुढचे कित्येक महिने फुल आहेत. पोर्टलवर बुकिंग ओपन झालं की तुम्ही जरूर अप्लाय करा. आणि तो शब्द कोणी दिला होता, त्याचं काही रेकॉर्ड...?"

"मोठ्या साहेबांनी."

"ते आता नाहीत आमच्याकडे. दुसरीकडे जॉइन झाले."

हॉलमध्ये आपल्या क्लबची म्हातारी मंडळी होती. सगळे बुटांकडे बघत होते. मी म्हटलं, "मग माझ्या भावाचं नाव त्या खोलीला लागलं, तर ते मी स्वतः येऊन खरवडून काढीन. अहो, तो लग्नाचा मेकअपमन नव्हता, सेंटर हाफ होता." आणि खाली उतरले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वहिनी बाहेर रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "बरं केलंत." मग सगळा रस्ता रडली.

आणि मी? मी जिंकले, दादा. आपलं सगळ्यांत लांबलेलं भांडण मी जिंकले. मी म्हटलं होतं तसंच अगदी झालं, शब्दाला शब्द. शेवटच्या फोनवर तू म्हणालास, पुढच्या आठवड्यात जाऊन साहेबांना भेटतो, रविवारचं विचारतो. मी म्हणाले, जा जा, अजून एक शब्द घेऊन ये. तू खो खो हसलास. दुसऱ्या दिवशी दुपारी तू नव्हतास. 'सांगितलं होतं ना मी तुला' असं आता कुणाला सांगू? तुझं तोंड पडलेलं बघायला मी इतकी वर्षं भांडले का? तू जिंकायला हवा होतास. मी सपशेल खोटी पडायला हवी होते, आणि तू दर रविवारी मटण वाढताना मला चिडवायला हवं होतंस. नालायका, एवढं एक भांडण जिंकता आलं नाही तुला?

परवाच्या रविवारी मी मुलींना खराडीला बोलावलंच नाही. घोडतळावर बोलावलं. आत नाही, मागे. ते जे पार्किंग केलंय ना, जिथे आपलं सरावाचं मैदान होतं, तिथे. सकाळी रिकामं असतं ते. मी येताना चुन्याच्या दुकानातून फक्कीची दोन पोती रिक्षात टाकून आणली आणि घरातल्या पत्र्याच्या डब्याला तळाला भोकं पाडली. एक गाडी जाईल एवढी जागा गेटवर सोडतात, तिथून आम्ही सगळ्या चालत शिरलो. कपडे मुली घरूनच घालून आल्या होत्या. तरी मी आईची निळ्या फुलांची चादर पिशवीत घेतली होती. का, ते विचारू नकोस.

पहारेकरी धावत आला. "मॅडम, इथे अलाउड नाही."

"कार्यक्रम किती वाजता आहे?"

"संध्याकाळी."

"मग संध्याकाळपर्यंत थांबा. तोवर होतं आमचं."

त्यानं साहेबांना फोन लावला. रविवारी सकाळी पुण्यात कुठला साहेब फोन उचलतो? तो बिचारा मग खुर्ची ओढून सावलीत बसला. पुढच्या रविवारी बहुतेक पोलीस बोलावतील. बोलावू देत. मी येणार आहे, त्याच्या पुढच्याही येणार आहे.

गाड्यांच्या पिवळ्या पट्ट्यांवरून मी फक्की टाकायला सुरुवात केली. टचलाइन झाल्या, गोलची चौकट झाली. मधलं वर्तुळ राहिलं. डांबरात खुंटी कशी ठोकणार? मी प्राजक्ताला मधोमध उभी केली आणि सुतळीचं टोक तिच्या हातात दिलं. दुसरं माझ्या कमरेला बांधलं. गुडघा कुरकुरत होता, डबा जड होता, आणि डोळ्यांत काहीतरी जात होतं, फक्की असेल.

अर्ध्या वर्तुळावर ती म्हणाली, "म्याडम, मिलिंद सर तर सांगायचे की फक्की हरलेल्यानं मारायची असती. मग तुमी का मारताय?"

मी थांबले नाही. म्हटलं, "बरोबर सांगायचे. सुतळी ताणून धर."